शहाण्यांनी न चढलेली पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी शिकवण मराठी मध्यमवर्ग आपल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या देत आला आहे. कोर्टाच्या जोडीला पोलीस ठाण्याची पायरी या शिकवणीत केव्हा येऊन बसली, हे सांगणे कठीण. पण ती बसली आहे खरी. घरफोडी होते, गळ्यातील मंगळसूत्र हिसकावले जाते, शाळेतून परतणाऱ्या मुलीची वाट कोणी रोज अडवतो. आणि घरात पहिला प्रश्न निघतो, ‘तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?’ ओळख निघाली तर तक्रार होते. न निघाली तर झाले गेले विसरून जावे, असा सल्ला वडीलधारी मंडळी देतात. एखादी वस्ती किती सुरक्षित आहे हे ठरविण्यासाठी गुन्ह्यांचे आकडे तपासले जातात, गेल्या वर्षीच्या आकड्यांशी त्यांची तुलना होते, टक्केवारी जाहीर होते. त्या आकड्यांच्या मुळाशी असलेला हा घरगुती प्रश्न मात्र कोणत्याच कोष्टकात उतरत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास ठाण्यातील टेंभी नाक्यासारखे दुसरे योग्य स्थळ सापडणे कठीण. कायद्याचे सारे देव्हारे येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे. खारकर आळीजवळ पोलीस आयुक्तालय आहे. पोर्तुगीजांनी ज्याचा पाया घातला आणि १७३७ साली जो मराठ्यांनी जिंकला, त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. शहराचे नाव आणि पोलीस ठाण्याचे नाव यांत तर अक्षराचाही फरक नाही. असे असूनही जवळजवळ दोन दशके या नाक्याची कीर्ती झाली ती यांपैकी कोणत्याही इमारतीमुळे नव्हे. ती झाली ‘आनंद आश्रमा’मुळे.

दरबार का भरला?

शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी १९७८ साली टेंभी नाक्यावर नवरात्रोत्सव सुरू केला. पुढे याच नाक्यावरील आनंद आश्रमात रात्री उशिरापर्यंत गाऱ्हाणी ऐकली जाऊ लागली. घरमालकाने पाणी तोडले, नवऱ्याने घराबाहेर काढले, गुंडाने हप्ता मागितला, रुग्णाला खाट मिळेना, अशी सर्व प्रकारची माणसे तेथे रांगा लावीत. १९८१ साली ठाण्याला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले होते आणि १९८२ साली महानगरपालिकाही स्थापन झाली होती. म्हणजे यंत्रणा नव्हती असे नाही. यंत्रणा दाराशी येऊन ठेपली असताना लोक दुसऱ्या दाराशी उभे होते.

त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. सरकारी कचेरीत तीन फेऱ्या मारून जे काम होत नाही ते एका दूरध्वनीने होत असेल, तर गरजू माणूस कोठे जाईल? त्या दरबाराविषयी ठाण्यात आजही कृतज्ञतेने बोलले जाते आणि ती कृतज्ञता खोटी नाही. किंबहुना दरबारात लोटणारी गर्दी हाच शासनयंत्रणेवरील सर्वांत कठोर अभिप्राय होता. तो शासनाने वाचला नाही.

तथापि दरबाराच्या न्यायाला काही उपजत मर्यादा असतात. तेथे दुसऱ्या पक्षाला वकील नसतो, निकालाची प्रत मिळत नाही, अपिलाची सोय नसते. निर्णय देणाऱ्याची सदिच्छा हाच कायदा असतो. सदिच्छा कितीही मोठी असली, तरी ती राजकारणाच्या आणि संघर्षाच्या पलीकडे राहू शकत नाही. ठाण्याच्या महापौरपदाच्या १९८९मधील निवडणुकीनंतर झालेल्या एका नगरसेवकाच्या खुनाच्या प्रकरणात खुद्द दिघे यांना ‘टाडा’ कायद्याखाली अटक झाली होती व पुढे त्यांना जामीन मिळाला होता. ज्यांच्याकडे शहर संरक्षण मागत होते, तेच स्वतः न्यायालयाच्या निवाड्याची वाट पाहत होते.

२६ ऑगस्ट २००१ रोजी दिघे यांचे निधन झाले. अपघातानंतर त्यांच्यावर ज्या सिंघानिया रुग्णालयात उपचार चालू होते, ते रुग्णालय शोकसंतप्त जमावाने पेटवून दिले. आतील रुग्णांना जीव वाचविण्यासाठी बाहेर काढावे लागले. ते रुग्णालय पुन्हा सुरू झाले नाही. ज्या माणसाच्या दारात दुर्बलांना आधार वाटत होता, त्याच्याच नावाने त्या दिवशी शहरातील सर्वांत दुर्बल माणसे, म्हणजे खाटेवरील रुग्ण, असुरक्षित झाली. ही क्रूर विसंगती योगायोगाने घडली नव्हती. व्यक्तीला बांधलेली सुरक्षितता व्यक्तीबरोबर संपते. तिच्या जागी संस्था उभी राहिलेली नसेल, तर मागे उरतो तो जमाव.

आकडा काय सांगतो?

सुरक्षिततेची चर्चा सुरू झाली, की दुसऱ्या टोकाला आकड्यांवर अवाजवी विश्वास ठेवणारे लोक भेटतात. ‘अमुक विभागात गुन्हे दहा टक्क्यांनी घटले’ असे वाचले, की त्यांचे समाधान होते. गुन्ह्यांचा दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. या सोप्या भागाकारातील दोन्ही आकडे निसरडे आहेत.

प्रथम छेद पाहावा. ठाणे महानगराची लोकसंख्या २००१ साली साडेबारा लाखांहून अधिक होती. २०११ साली ती अठरा लाखांच्या पुढे गेली. त्यानंतर २०२१ साली व्हायची ती जनगणना वेळेवर झालीच नाही. त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांचे दर अंदाजित लोकसंख्येवर काढले गेले. शिवाय टेंभी नाका, जांभळी नाक्याची बाजारपेठ, मासुंदा तलावाचा काठ, स्थानकाचा परिसर या ठिकाणी राहणारी माणसे थोडी आणि दिवसभर ये-जा करणारी असंख्य असतात. येथील रहिवासी सकाळी मुंबईच्या गाडीत चढतो आणि त्याच वेळी कल्याण-डोंबिवलीचा कारकून येथे कामाला उतरतो. रहिवाशांच्या संख्येने गुन्ह्यांना भागले, तर गर्दीची वस्ती नाहक बदनाम होते. उलट ज्या उपनगरी संकुलात दिवसा चिटपाखरू नसते, तेथील म्हातारी माणसे एकटी आणि भयभीत असली तरी ते संकुल कागदावर निर्धोक ठरते.

अंशाची गोष्ट अधिक गंभीर आहे. देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ सालापासून निघतो; १९८६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आता तो प्रसिद्ध करतो. या अहवालातच स्पष्ट बजावलेले असते की गुन्ह्यांची वाढ आणि गुन्ह्यांच्या नोंदणीची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका तक्रारीत अनेक अपराध असतील, तर मोजणीत त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच धरला जातो, हेही तेथे नमूद असते. केरळसारख्या साक्षर राज्याचा गुन्हेदर या अहवालात वारंवार वरच्या क्रमांकावर दिसतो. त्यावरून केरळ हे गुन्हेगारांचे राज्य आहे असे कोणी म्हणत नाही. तेथील सामान्य माणूस ठाण्यात जातो आणि त्याचे म्हणणे लिहून घेतले जाते, असाही त्या आकड्याचा अर्थ होऊ शकतो.

हा मुद्दा एकदा ध्यानात घेतला, की वरिष्ठांनी पोलीस ठाण्याच्या प्रमुखाकडून दरवर्षी ‘घट’ मागणे किती घातक आहे हे उमगते. गुन्हे कमी करणे अवघड असते. त्यांची नोंद कमी करणे फार सोपे. चोरीला गेलेला मोबाइल ‘गहाळ’ झाला असे लिहून घ्यायचे. झटापटीत खेचलेली साखळी पडून हरवली असे सुचवायचे. बॅग ठाणे स्थानकात लंपास झाली की डोंबिवली सोडल्यावर, यावरून हद्दीचा घोळ घालायचा आणि थकलेल्या माणसाला घरी पाठवायचे. दाखला हाती पडला, विम्याचे वा सिमकार्डाचे काम झाले, की तक्रारदारही गप्प बसतो. कोष्टकात मात्र त्या दिवशी शहर थोडे अधिक सुरक्षित झालेले असते.

न लिहिलेल्या तक्रारीची किंमत

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली, की ती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक साधनांनी देऊन तीन दिवसांत सही करण्याचीही सोय आहे. नोंदीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला स्वतंत्र अपराध ठरविण्यात आले. त्यामुळे सोनसाखळी ओढून पळणे ही किरकोळ चोरी आहे, असे म्हणण्याची पळवाट उरलेली नाही. स्त्रियांवरील अत्याचाराच्या गंभीर गुन्ह्याची खबर न नोंदविणाऱ्या लोकसेवकास किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे कारावासाची तरतूद तर २०१३ सालापासूनच आहे.

इतके सारे असूनही ठाणे आयुक्तालयाच्याच हद्दीतील बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये काय घडले? शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना गुन्हा नोंदला जाण्यासाठी कित्येक तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमाव बदलापूर स्थानकातील रुळांवर उतरला आणि दिवसाचा बहुतेक काळ लोकलगाड्या ठप्प झाल्या. पोलीस अधिकाऱ्यांचे निलंबन झाले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेऊन विलंबाबद्दल कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. पुढे २३ सप्टेंबर रोजी आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून ठार झाला आणि त्याच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालयात व्हायचा तो झालाच नाही.

या घटनाक्रमात एक दुर्दैवी सुसंगती आहे. तक्रारीचा कागद वेळेवर लिहिला गेला असता, तर रुळांवर उतरण्याचे कारण उरले नसते. रूळ रिकामे राहिले असते, तर तडकाफडकी ‘निकाल’ लागण्याची भूकही एवढी वाढली नसती. कायद्याच्या दारात तिष्ठणारा माणूस तेथे कायमचा उभा राहत नाही. तो एक तर घरी जाऊन दार लावून घेतो, नाही तर एखादा दरबार शोधतो, आणि तोही न सापडला तर जमावात मिसळतो.

पायरीची भीती सामान्यांपुरतीच असते, हेही या भागाने पाहिले आहे. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनातच, जमिनीच्या वादातून गोळीबार झाला. गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून अटक झाली ती सत्ताधारी पक्षाच्या विद्यमान आमदाराला. जखमी झाला तो मित्रपक्षाचा स्थानिक नेता. शिक्षक आणि कारकून ज्या दालनात पाऊल टाकण्यास कचरतात, तेथे सत्तावान माणसे किती मोकळेपणाने वावरतात, याची याहून दाहक साक्ष ती कोणती?

भिवंडीचा अनुभव

हे चित्र अपरिहार्य आहे असे मानण्याचे कारण नाही. याच आयुक्तालयाच्या इतिहासात एक वेगळा प्रयोग नोंदलेला आहे. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांची नेहमीची शांतता समिती त्यांनी बाजूला ठेवली. यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक, गृहिणी अशी साधी माणसे वस्तीवर नेमलेल्या पोलिसांसह नियमित बसू लागली. चर्चेचे विषय दंगलीचे नसत. नळावरील भांडण, गटार, हरवलेले मूल, भाडेकरूची कटकट, अशा किरकोळ गोष्टी तेथे निघत. परिणाम असा झाला, की पोलीस ठाण्यात ओळख काढण्याची गरजच संपली. कारण प्रत्येकाची ओळख झालेलीच होती.

या रचनेची कसोटी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये लागली. मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. विशेष म्हणजे तोपर्यंत खोपडे यांची तेथून बदली झालेली होती. त्यांच्यानंतरच्या अधिकाऱ्याने समित्या चालू ठेवल्या आणि रचना माणसावाचून टिकली. टेंभी नाक्याचा दरबार आणि भिवंडीच्या समित्या यांतील मूलभूत भेद हाच आहे. दोन्ही ठिकाणी सामान्यांची गाऱ्हाणी ऐकली जात होती. एका ठिकाणी ऐकणारा थोर होता. दुसऱ्या ठिकाणी ऐकण्याची पद्धत पक्की होती.

अर्थात पद्धतीलाही निगा लागते. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून हिंसाचार उसळला आणि दोन पोलीस शिपायांचा बळी गेला. विश्वास एकदा कमावला म्हणजे कायमचा खात्यात जमा होतो, असे नाही. दर बदलीबरोबर तो शून्यावर येऊ नये, म्हणून अधिकाऱ्यांना किमान मुदत मिळणे अगत्याचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात पोलीस ठाण्याच्या प्रमुखापर्यंतच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत देण्याचा आदेश दिला, त्यामागचे एक कारण हेच होते.

नऊ रात्री आणि उरलेले वर्ष

टेंभी नाक्यावर नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत स्त्रिया आणि मुले निर्धास्त हिंडतात. त्या नऊ रात्री तेथे दिवे असतात, दुकाने उघडी असतात, ओळखीचे चेहरे असतात आणि बंदोबस्तावरचा पोलीस माणसांत उभा असतो. जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ साली अमेरिकेतील शहरांविषयी लिहिताना रस्त्याचे खरे रक्षण रस्त्यावर असलेली माणसांची नजर करते, असा सिद्धांत मांडला. ठाण्याच्या जुन्या आळ्यांतील ओट्यांना आणि चाळींच्या सज्जांना तो न वाचताच ठाऊक होता. आता चाळींच्या जागी मनोरे आले आहेत. प्रवेशद्वारी रखवालदार आहे, जिन्यात कॅमेरा आहे, आणि समोरच्या सदनिकेत कोण राहते हे ठाऊक नाही. कॅमेरा घडलेले दाखवितो. धावून जात नाही. गेलेल्या चाळी परत येणार नाहीत, हे उघड आहे. पण उरलेल्या वर्षभराच्या रात्री त्या नऊ रात्रींसारख्या करावयाच्या, तर दिवा, वावर, शेजार आणि माणसांत मिसळणारा पोलीस या चारही गोष्टींची व्यवस्था जाणीवपूर्वक करावी लागेल.

त्याकरिता प्रथम मोजमाप बदलले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९८२ सालापासून घरोघर जाऊन ‘गेल्या वर्षी तुमच्या बाबतीत कोणता गुन्हा घडला आणि तुम्ही तो पोलिसांना कळविला का’ असे विचारण्याची पद्धत आहे. पोलिसांचा आकडा आणि लोकांचा आकडा यांतील अंतर त्यातून कळते. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे महाविद्यालयांची वाण नाही. समाजशास्त्राच्या आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रभागात अशी पाहणी केली, तर तिचा खर्च एखाद्या चौकातील शोभेच्या कारंज्याहून अधिक येणार नाही. ज्या ठाण्यात हे अंतर कमी, ते ठाणे चांगले, असा दंडक आयुक्तालयाने स्वीकारावा. मग एखाद्या वर्षी गुन्ह्यांची नोंद वाढली म्हणून निरीक्षकाला जाब विचारला जाणार नाही. कदाचित त्याचे अभिनंदनही करावे लागेल.

दुसरी जबाबदारी सुशिक्षितांची आहे आणि तिच्यातून सुटका नाही. पोलिसांवर काम किती आहे, मनुष्यबळ किती अपुरे आहे, सणावारांच्या आणि मंत्र्यांच्या बंदोबस्तात त्यांची शक्ती किती खर्ची पडते, हे कोणीही समंजस माणूस जाणतो. तरीही लिहिता-वाचता येणाऱ्या, कलम कळणाऱ्या, अर्ज करण्याची सवय असणाऱ्या वर्गानेच पायरी टाळली, तर झोपडीतल्या बाईने ती कोणाच्या आधाराने चढावी? नगरसेवकाची चिठ्ठी मिळवून आपले काम साधणारा शिक्षक नकळत पुढच्या माणसाला चिठ्ठी सक्तीची करीत असतो. ‘गहाळ’ हा शब्द खोडून ‘चोरी’ लिहा, असे नम्रपणे पण ठामपणे सांगणारा आणि नोंदीची प्रत हाती घेतल्याशिवाय न उठणारा कारकून मात्र मागच्या रांगेतील दहा जणांची वाट मोकळी करतो. गृहनिर्माण संस्थांनी, शिक्षक संघटनांनी, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळांनी तक्रारदाराबरोबर ठाण्यात जाण्यासाठी दोन माणसे नेमण्याचा साधा प्रघात पाडला, तरी पुष्कळ काही बदलेल.

टेंभी नाक्यावरील दरबाराने एकेकाळी जे दिले, ते थोडक्यात असे होते: रात्री कितीही वाजता गेले तरी दार उघडे असे, आणि गाऱ्हाणे ऐकून घेतले जाई. माणसांनी मागितले होते ते एवढेच. नाक्यापासून काही पावलांवर असलेल्या सरकारी इमारतींना ते देणे अशक्य नाही. कायद्याने तर ते त्यांचे कर्तव्यच आहे. रात्री दहा वाजता एखादी स्त्री एकटी, कोणाच्याही नावाचा उल्लेख न करता, पोलीस ठाण्यात जाईल, तिला खुर्ची दिली जाईल, तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवून घेतले जाईल आणि नोंदीची प्रत पर्समध्ये ठेवून ती घरी परतेल. असे सहजपणे घडू लागेल, त्या वर्षी नाक्यावरील गुन्ह्यांचा आकडा बहुधा वाढलेला दिसेल. त्या वाढीचे भय बाळगण्याचे कारण नाही. शहाणी माणसे पायरी चढू लागल्याची ती पहिली खूण असेल.